काळी भिंत, पांढरी भिंत

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र उभं राहण्याआधीची गोष्ट. जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची. पिकाची जमीन ती काळी, अन् घरं वसली ती पांढरी. आमच्या घरातही तशीच वाटणी होती. सैपाकघर काळं, बाकी घर पांढरं.

सैपाकघराला तो रंग चुलीच्या धुरानं दिला होता. धुरानं लाकडाला कीड लवकर लागत नसे. म्हणून बाप म्हणायचा, "राहू दे काळं, डाग तरी दिसत नाही."

माय बाकीच्या भिंती दर दिवाळीला पोतारायची. एरवी पांढरी माती, हाती पैसा असला तर चुना. चुना रात्रभर भिजवायचा, पिवळटपणा जावा म्हणून चिमूटभर नीळ अन् अंगाला लागू नये म्हणून डिंकाचं पाणी घालायचं.

एका पावसाळ्यात धाकट्या बहिणीला सैपाकघरात विंचू चावला. काळ्या भिंतीवर काळा विंचू, चिमणीच्या उजेडात कोणाला दिसलाच नाही. पोरगी रात्रभर तडफडली, पण वाचली. सकाळी मायनं बापाला न विचारता चुलीमागची भिंतही पांढरी केली. "बाबू, पांढऱ्या भितीवर इचू दिसते," एवढंच बोलली. त्या रात्री चिमणी तीच, तेल तेवढंच, पण ताटातला भात नीट दिसला. काळी भिंत उजेड गिळून टाकते, पांढरी बराचसा परत फेकते. शाळेत शिकलो होतो, समजलं त्या दिवशी.

1983 साली केंद्राचा 210 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. ऊर्जानगरचे दिवे रात्री आमच्या शेतातून दिसायचे. पुढं आमच्याही घरी बल्ब आला, चुलीच्या जागी गॅस आला, चुन्याच्या जागी डब्यातला रंग.

यंदा पोरगा म्हणाला, "बाबा, सगळं घर गर्द निळं करू. आता लाइट आहे, भिंतीच्या रंगानं काय होते?" मी म्हटलं, टीव्हीमागची एक भिंत कर. तिथं दोन खिडक्या आहेत, गर्द रंग शोभतो, लेकरांच्या हाताचे डागही झाकतो. पण सैपाकघर अन् लेकरं खाली झोपतात ती खोली फिकीच ठेव. त्यानं कुरकुरत ऐकलं.

परवा वादळात लाइट गेली. सून मोबाइलची बत्ती लावून लेकराला घेऊन बसली, ती सैपाकघरात.