मुक्काम पनवेल



हल्ली एका नव्या वाहनाविषयी बरेच बोलले जाते. त्यात निजावयास बिछाना, रांधावयास चूल, हातपाय धुवावयास पाणी आणि मागे शौचकूपही असते. म्हणजे घराला चाके लावली आणि घरधनी फिरावयास निघाला. इंग्रजीत त्यास 'कॅराव्हॅन' म्हणतात. आम्ही 'घरगाडी' म्हणू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे एक धोरणही जाहीर केले. सकाळी मुंबईची भव्यता पाहावी, दुपारी घाटातला धबधबा पाहावा आणि रात्री आपल्याच अंथरुणावर निजावे, असे हे सुख आहे. आम्हांस त्याचा हेवा वाटत नाही असे नाही. परंतु इतिहासाचा अभ्यासक नवी वस्तू पाहिली की तिची आजी कोण, हे विचारल्यावाचून राहत नाही. या घरगाडीची आजी ज्या वाटेवर नांदली, ती वाट आज नवी मुंबई म्हणतात त्या भूमीच्या दक्षिण अंगाने गेली आहे.

मुंबईहून पुण्यास जाण्याचा जुना मार्ग प्रथम समुद्राचा होता. बंदरातून होडीने खाडी ओलांडून पनवेलीस उतरावे लागे. पनवेलची खाडी भरतीची मिंधी; ओहोटी लागली की चिखल उरे. म्हणून प्रवाशाचा पहिला धनी समुद्र होता, घड्याळ नव्हे. पनवेलहून चौक, खोपोली, मग बोरघाट आणि वर खंडाळा, असे मुक्काम पडत. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे देऊळ आजही आहे. घाटाच्या पायथ्याशी दमलेल्या माणसाला आणि बैलाला पाणी मिळावे, ही दूरदृष्टी त्या बांधकामात दिसते.

मराया ग्रॅहम नावाची एक इंग्रज बाई १८०९ साली मुंबईस आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या वाटेने कार्ल्याची लेणी व पुणे पाहावयास गेली. तिचा वृत्तांत १८१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बिशप हेबर १८२५ च्या पावसाळ्यात याच मार्गाने वर चढले. पर्यटन हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, पण ही माणसे हौसेनेही हिंडत होती. लेणी, दऱ्या, पाण्याचे कडे पाहावेत आणि ते लिहून ठेवावेत, ही त्यांची आवड.

आता त्यांच्या घराकडे पाहा. साहेबाचा प्रवास म्हणजे पालखी, ती वाहणारे भोई, राहुटी, बाज, बिछाना, भांडीकुंडी, खानसामा, मशालजी आणि ओझ्याचे हमाल. घर पुढच्या मुक्कामी जात होते, मात्र त्यास चाके नव्हती, पाय होते. ते पाय कोणाचे? ज्या खांद्यांवर पालखी होती, त्यांची नावे आम्हांस कोणत्याही प्रवासवृत्तात सापडत नाहीत. कित्येकदा ओझ्याची माणसे वेठीनेही धरली जात. खंडाळ्याच्या दरीत कोसळणारे पाणी पाहून लेखणी बहरते, परंतु तो कडा चढून येणाऱ्या भोयाची धाप त्या लेखणीत क्वचितच उतरते.

खांद्यावरचे हे ओझे उतरले ते रस्त्यामुळे. वेलस्ली (पुढे वेलिंग्टन म्हणून गाजलेला सेनापती) याने १८०४ च्या सुमारास तोफा वर नेण्याजोगी वाट घाटात करविली. परंतु गाडीरस्ता झाला तो गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दीत. १० नोव्हेंबर १८३० रोजी तो स्वतः मंडळींसह गाड्यांतून घाट उतरला. कोकण आणि देश यांमधली भिंत फुटली, असा भाव त्याच्या लिखाणात आहे, आणि तो खोटा नाही. घराला चाके लागण्याची या घाटातली तिथी कोणी विचारली तर आम्ही हीच सांगू.

रेल्वेने पुढचा अंक लिहिला. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीस पोचला. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. तेथे उतारूंनी गाडीतून उतरावे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढावा आणि वर पुन्हा गाडीत बसावे, असा प्रकार १८६३ पर्यंत चालला. त्या वर्षी घाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्याचे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये कामावर येताच वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी तो मक्ता तडीस नेला. बोगदे खोदताना रोगराईने व अपघातांनी हजारो मजूर गेले. खांद्यावरचे ओझे उतरले खरे, पण ते उतरविण्याची किंमतही खांद्यांनीच दिली.

रेल्वे कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला पडले. जेथे प्रत्येकाला एक रात्र काढावीच लागे, त्या गावाकडे आता कोणी वळेना. पनवेलला रेल्वे मिळाली ती थेट १९६० च्या दशकात.

याच परिसरातल्या एका निराळ्या प्रवाशाची आठवण येथे करावयास हवी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसह द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही आशा. यज्ञ राहिला बाजूला, आणि त्यांनी झाशीचा वेढा आतून पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. भटजींजवळ राहुटी नव्हती, खानसामा नव्हता. त्यांचे घर त्यांच्याच खांद्यावर होते, आणि रात्रीचा आसरा परक्या ओसरीवर. म्हणूनच त्या पुस्तकात माणसे बोलतात. ज्याला दार ठोठवावे लागते, त्याला दाराआडचे माणूस भेटते.

आता आपल्या काळाकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवे शहर आखले गेले. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, २००२ साली कळंबोलीहून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला. ज्या खाडीपाशी भरतीची वाट पाहत बसावे लागे, ती आता चहा निवण्याच्या आत ओलांडून होते. घरगाडीवाल्याला आणखी काय हवे?

पण या सपाट रस्त्याखाली कोणाची शेते आणि मिठागरे होती, हे खिडकीतून दिसत नाही. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. पालखीच्या भोयाप्रमाणे हेही खांदेच आहेत. शहर त्यांवर उभे आहे.

खारघरचा पांडवकडा पाहा. सुमारे १०७ मीटरांचा हा कडा. कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा डोंगर. कठीण थर टिकतो, मऊ झिजतो, आणि पाण्याला पायरी मिळते. जूनमध्ये जागा होतो, पाऊस सरला की निजतो. शहराच्या इतक्या जवळ असा धबधबा हे खरोखर भाग्य. पण तेथे कित्येक तरुण बुडाले. म्हणून पावसाळ्यात तेथे जाण्यास बंदी घालावी लागते. डोंगरमाथ्यावर ढग फुटला की खाली कसा लोंढा येतो, हे पायथ्याच्या गावकऱ्याला ठाऊक असते. भरधाव येऊन तासाभरात छायाचित्र घेऊन परतणाऱ्याला ते विचारावयास सवड नसते. न विचारण्याची किंमत कधी कधी जीव असते.

तेव्हा घरगाडीस आमचा विरोध आहे काय? मुळीच नाही. तिने भोयाचा खांदा मोकळा केला, ही लहान गोष्ट नव्हे. साहेबाच्या राहुटीपेक्षा ती अधिक निर्दोष आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना, लेकराबाळांना घेऊन फिरणाऱ्याला ती वरदानच ठरेल. फक्त तिच्यात एक धोका आहे. जुन्या प्रवाशाला पाण्यासाठी, भरतीसाठी, ओसरीसाठी थांबावे लागे. या गाडीत सारे भरलेले असल्यामुळे कोणाकडे काही मागण्याची गरजच उरत नाही. आणि ज्याला कोणाकडे काही मागावे लागत नाही, त्याला कोणी काही सांगतही नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच: घर बरोबर न्या, पण एक गोष्ट घरात भरू नका. एखादा पाण्याचा हंडा रिकामा राहू द्या. तो भरण्यासाठी पनवेलीस उतरा, खोपोलीच्या तलावाशी थांबा, खारघरच्या पायथ्याला एखाद्या आजीला विचारा की कडा केव्हा रागावतो. ती सांगेल. मग वर पाहा. पाणी तेच असेल, पण तुम्ही ते पहिल्यांदाच पाहत असाल.