सुखाचा खटका

सुख कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे संतांनी दिले, शाहिरांनी दिले आणि आपापल्या परीने हलवायांनीही दिले. मेंदूत ते नेमके कोठे बसते, याचा माग मात्र एका उंदराने लावून दिला, आणि तोही केवळ चुकून!

कॅनडातील माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठ आहे. तेथे १९५३ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर हे दोन तरुण संशोधक उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य धक्के देत होते. एका उंदराची तार ठरल्या जागेवरून सरकली आणि भलतीकडेच जाऊन बसली. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात गेला की त्याला धक्का मिळे. वास्तविक त्याने तो कोपरा टाळावयास हवा होता. पण स्वारी पुन्हा पुन्हा तेथेच येऊ लागली. मग ओल्ड्सने खटकाच उंदराच्या हाती दिला. खटका दाबावा आणि धक्का घ्यावा! काही उंदीर तासाला हजारो वेळा तो दाबू लागले. पुढील प्रयोगांत तर काहींनी समोरचे अन्न सोडून खटकाच जवळ केला. १९५४ साली हा शोध छापून आला आणि मेंदूतले ‘सुखकेंद्र’ सापडले अशी हाकाटी झाली.

ही हाकाटी थोडी घाईची होती. ती कशी, हे कळण्यासाठी आपल्या ओळखीच्या एका मुळीकडे वळावे लागेल. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी हेच रेसरपिन सशांना टोचले, तेव्हा ससे कान पाडून, गात्रे गळाल्यागत निश्चल बसून राहिले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य देताच ते थोड्याच वेळात टुणटुणीत झाले. ही १९५७ सालची गोष्ट. सशांच्या मेंदूतून जे आटले होते आणि डोपामुळे जे पुन्हा भरून आले, ते डोपामिन. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या सर्पगंधेला काही मिळाले नाही, असो.

हे डोपामिन म्हणजेच सुखाचा रस, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. परंतु १९८० नंतरच्या दशकात मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांना निराळेच दिसले. ज्या उंदरांचे डोपामिन जवळजवळ नाहीसे केले होते, त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडले की ते पूर्वीसारखेच मिटक्या मारीत. पण शेजारच्या अन्नापर्यंत चार पावले टाकीत नसत. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ गेली होती! डोपामिन हे मुख्यतः ओढीचे द्रव्य आहे, आवडीचे नव्हे. सवय जुनी होत जाते तसतशी ओढ वाढते आणि गोडी मात्र उणावते. फराळाच्या डब्याकडे पाचव्यांदा जाणारा हात पाहिला म्हणजे हे समजावयास प्रयोगशाळा लागत नाही. पाचवी चकली पहिलीइतकी कुठे लागते? तरी हात जातोच.

चकलीपुरते हे हसण्यावारी नेता येईल. पण व्यसनी माणसाच्या बाबतीत, त्याचा मेंदू एकदा बिघडला तो कायमचाच, अशी समजूत एके काळी डॉक्टरांतही होती. तिला मोठा धक्का बसला तो व्हिएतनामच्या लढाईमुळे.

१९७१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या कायदेमंडळाचे दोन सभासद व्हिएतनाम पाहून आले आणि त्यांनी सांगितले की, तेथील शंभरातले दहा ते पंधरा अमेरिकन शिपाई हेरॉईनच्या आहारी गेले आहेत. तेथे हेरॉईन स्वस्त होते, आणि इतके शुद्ध की सुई टोचून न घेता बहुतेक जण ते विडीसारखे ओढीत. लाखो हातांत बंदुका, त्यांतले हजारो हात नशेत, आणि ते सगळे घरी येणार! राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जूनमध्ये अमली पदार्थांना देशाचा पहिला शत्रू ठरविले आणि जेरोम जॅफी या मनोविकारतज्ज्ञावर काम सोपविले. जॅफी यांनी नियम केला : लघवी तपासल्याखेरीज कोणाही शिपायाने घरच्या विमानात पाऊल ठेवावयाचे नाही. जो दोषी निघेल त्याने तेथेच थांबून अंगातले विष उतरवावे. शिपायांनी या मोहिमेला ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ असे चावट नाव ठेवले. त्याचे भाषांतर या पानावर न केलेले बरे.

विमानातून उतरल्यावर त्यांचे काय झाले, हे पाहण्याचे काम सेंट लुईसच्या ली रॉबिन्स या विदुषीकडे आले. १९७१ च्या सप्टेंबरात परतलेल्यांपैकी सुमारे ९०० जणांना त्यांच्या माणसांनी गावोगाव शोधून काढले आणि बोलते केले. व्हिएतनाममध्ये पाचांतला एक शिपाई खरोखरच व्यसनाधीन झाला होता. म्हणजे धास्ती खोटी नव्हती, उलट अंदाजच कमी पडला होता. पण या व्यसनाधीनांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले होते शंभरात अवघे पाच! तीन वर्षांचा हिशेब केला तरी बारा. जवळजवळ निम्म्यांनी परतल्यावर एखाददुसऱ्या वेळी मादक द्रव्याला हात लावला होता, तरी ते त्यात बुडाले नाहीत. उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढलेले तर थोडेच होते.

हे आकडे लोकांना पटेनात. ते साहजिकही होते. केंटकी परगण्यात लेक्झिंग्टन येथे व्यसनी लोकांसाठी सरकारने १९३५ साली मोठे इस्पितळ काढले होते. तेथून बरे होऊन गेलेले बहुतेक जण पुन्हा व्यसनाला लागत. मग एकाच द्रव्याचे हे दोन न्याय कसे? रॉबिन्स यांना १९९३ सालीसुद्धा लेख लिहून विचारावे लागले की, हा नुसता योगायोग मानायचा की असेच घडायचे?

मला वाटते, फरक परतीच्या वाटेत होता. लेक्झिंग्टनचा रोगी परत जाई तो आपल्याच गल्लीत, त्याच मित्रांत. शिपाई परतला तो समुद्र ओलांडून. ती छावणी, तो कंटाळा, ते भय, विड्या ओढणारे ते सोबती, सारे पलीकडे राहिले. मेंदू नुसते द्रव्य लक्षात ठेवीत नाही, जागाही ठेवतो. शेपर्ड सीगल या कॅनडातील संशोधकाने १९८२ साली उंदरांना एका ठरावीक खोलीत वाढत्या प्रमाणात हेरॉईन दिले. शेवटची जबर मात्रा सवयीच्या खोलीत दिली तेव्हा शंभरी ३२ मेले. तीच मात्रा अनोळखी खोलीत दिली तेव्हा ६४. ओळखीच्या भिंती दिसताच शरीर विषाशी सामना करावयास आधीच कंबर कसून बसते. त्या भिंती दिसल्या आणि विष आलेच नाही, म्हणजे हीच तयारी अंगावर उलटते. त्या तगमगीला आपण तलफ म्हणतो.

जागा बदलली तरी मेंदूला वेळ हा लागतोच. नोरा व्होल्को यांनी (या बाई ट्रॉट्स्कीच्या पणती!) २००१ साली मेथॅम्फेटामिनचे व्यसन सोडलेल्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. डोपामिन उचलून परत घेणारी जी यंत्रणा झिजली होती, ती वर्ष-सव्वा वर्षात पुष्कळशी भरून आलेली दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींतली चपळाई मात्र तितकी परतली नव्हती.

आपल्याकडे १९८० नंतर गर्द आले आणि पुण्यामुंबईच्या चांगल्या घरांतली मुले त्यात सापडली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे केले. येथल्या मुलाला समुद्र ओलांडता येत नाही. त्याला पुन्हा त्याच नाक्यावर जायचे असते, त्याच पानाच्या ठेल्यावरून. आई चहा टाकते ती त्याच खोलीत, आणि खिसे तपासणारा बापही तोच. म्हणून तेथे रोग्याबरोबर त्याच्या बायकोला आणि आईबापांनाही बोलावून घेतात, आणि घरी गेल्यावरही त्याला पुन्हा पुन्हा भेटीला यायला सांगतात.