वाटाड्याचा यजमान

परक्या शहरातील एखाद्या नामांकित हॉटेलात श्रीमंत प्रवासी उतरतो. हमाल सामान ठेवून, बक्षिशी घेऊन निघून जातो, खोलीचे दार लागते आणि प्रवासी प्रथमच एकटा उरतो. या वेळी त्याच्याजवळ पैसा असतो, रिकामा वेळ असतो, बहुधा भूकही असते. नसते ती माहिती. जेवायला कोठे जावे, घरच्यांसाठी काय घ्यावे, संध्याकाळ कशी घालवावी, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते आणि हे सारे दोन-तीन दिवसांत उरकायचे असते. विसाव्या शतकातील व्यापाऱ्यांनी ही घटका अचूक हेरली. खोलीतील मेजावर, टेलिफोनच्या शेजारी, एक देखणे पुस्तक ठेवण्याचा प्रघात पडला. त्यात शहराचा नकाशा, नाटकगृहांची आणि उपाहारगृहांची यादी, प्रेक्षणीय स्थळांची वर्णने; आणि पानोपानी जवाहिरे, उंची कपड्यांची दुकाने, चित्रांचे विक्रेते यांच्या जाहिराती. पुस्तक प्रवाशाला फुकट आणि बहुधा हॉटेललाही फुकट. छपाईचा खर्च व प्रकाशकाचा नफा दोन्ही दुकानदारांच्या तिजोरीतून.

यात वावगे काही नाही, असे वरवर पाहता वाटते. वृत्तपत्रेदेखील जाहिरातींवर चालतात. परंतु वृत्तपत्र वाचक आपण होऊन घेतो, आणि मनास न आल्यास दुसरे घेतो. खोलीतील पुस्तक प्रवाशाने निवडलेले नसते. ते त्याच्या पुढ्यात कोणी तरी ठेवलेले असते, आणि ज्याच्या घरी उतरलो त्यानेच ते ठेवले, अशी त्याची समजूत होते. म्हणून त्यातील शब्दाला घरधन्याच्या शब्दाचे वजन येते. आपल्या भाषेतील ‘यजमान’ हा शब्द या बाबतीत मोठा मार्मिक आहे. पाहुण्याच्या दृष्टीने घरधनी तो यजमान. पण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या लेखी यात्रेकरू हाच यजमान, कारण दक्षिणा तो देतो. वाटाड्या कोणाला यजमान मानतो, त्यावर तो कोणत्या वाटेने नेणार हे ठरते. छापील मार्गदर्शिकांच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात हाच प्रश्न फिरून फिरून उभा राहिलेला दिसतो.

लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांनी १८३६ साली युरोप खंडातील प्रवाशांसाठी आपली पहिली ‘हँडबुक’ काढली. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या कोब्लेन्ट्स गावी कार्ल बेडेकर यांनी त्याच दशकात याच स्वरूपाचा उद्योग आरंभला. दोघांचीही पुस्तके लाल कापडी बांधणीची आणि दोन्ही पुस्तके प्रवासी दाम मोजून घेत. फरक होता तो शेवटच्या पानांत. मरे यांच्या पुस्तकांच्या अखेरीस ‘हँडबुक अ‍ॅडव्हर्टायझर’ ही जाहिरातींची पुरवणी बांधलेली असे. हॉटेलवाले, प्रवासी पेट्या करणारे कारागीर, पासपोर्ट मिळवून देणारे दलाल, कलावस्तू जहाजाने घरी पोचत्या करणाऱ्या पेढ्या, सर्वांना तेथे जागा होती. बेडेकर यांनी मात्र कोणत्याही प्रकारची जाहिरात आपल्या पुस्तकात येऊ दिली नाही. त्यांच्या मार्गदर्शिकांच्या प्रस्तावनेत हॉटेलवाल्यांना व दुकानदारांना उद्देशून स्पष्ट इशारा छापलेला असे की, प्रवाशांशी सचोटीने व सौजन्याने वागणे हाच शिफारस मिळवण्याचा एकमेव मार्ग होय. स्वतः बेडेकर मिलानच्या प्रार्थनामंदिराचा जिना चढताना दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकीत, म्हणजे पायऱ्यांचा हिशेब चुकू नये, अशी आख्यायिका आहे. पायरीचा हिशेबही परभारे न घेणारा मनुष्य हॉटेलविषयी हॉटेलवाल्याचे म्हणणे ऐकून घेईल, हे संभवत नाही.

मरे यांची पुस्तके हिंदुस्थानातही आली. १८५९ साली ईस्टविक यांनी सिद्ध केलेल्या त्यांच्या हिंदुस्थानविषयक पुस्तकाचा एक भाग मुंबई इलाख्यासंबंधी होता. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि सहलीखातर येणारा धनिक गोरा प्रवासी मुंबईच्या बंदरात उतरू लागला. त्याच्यासाठी एस्प्लनेडवर जे ‘वॉटसन्स हॉटेल’ उभे राहिले, त्याचे मालक जॉन वॉटसन हे मूळचे कापडाचे व्यापारी. इंग्लंडात ओतलेल्या लोखंडी खांबांची ही इमारत. दुकानदारच येथे घरधनी झाला होता. तेव्हा खोलीतल्या पुस्तकाची मध्यस्थी कोणाला हवी होती? याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ एक रुपया तिकिटाने झाला, आणि त्याची जाहिरात त्या दिवशीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली होती. अर्थात हॉटेलाचे दार एतद्देशीयांना बंद होते, त्यामुळे खिशात रुपया असूनही पुष्कळांना ती जाहिरात केवळ वाचण्यापुरतीच होती.

पॅरिसमध्ये हीच गोष्ट अधिक डौलाने घडली. १८९८ च्या जूनमध्ये सेझार रिट्झ यांचे हॉटेल प्लास व्हाँदोम या चौकात सुरू झाले. बूशराँ हे जवाहिरे तेथे १८९३ सालीच आले होते. कार्तिये यांची पेढी १८९९ मध्ये शेजारच्या रस्त्यावर आली आणि आणखी काही वर्षांत तो सारा परिसर हिऱ्यामोत्यांच्या दुकानांनी गजबजला. हॉटेलात मार्ग सांगण्याचे काम दर्शनी दालनातील कॉन्सिएर्ज नावाचा अधिकारी करी. प्रवासी विचारी आणि तो सांगे. त्या मंडळींनी १९२९ साली पॅरिसमध्ये आपली संघटना स्थापिली. कोटाच्या कॉलरवरील दोन सोनेरी किल्ल्या ही तिची खूण आजही दिसते. अशा माणसाला दुकानदाराकडून काही मिळत असेल, तर प्रवासी निदान त्याच्या चेहऱ्याकडे पाहून अदमास घेऊ शकतो. छापील पानाला चेहरा नसतो.

फ्रान्समधील दुसरे उदाहरण याहून उद्बोधक आहे. मोटारीचे टायर करणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढून तिच्या ३५,००० प्रती फुकट वाटल्या. देशात मोटारी त्या वेळी तीन हजारांच्या आतबाहेर! पुढील वीस वर्षे ती फुकटच मिळे आणि तिच्यात जाहिरातीही असत. एका टायर-दुकानात डुगडुगणाऱ्या बाकाखाली ही पुस्तके टेकू म्हणून घातलेली आंद्रे मिशेलिन यांनी पाहिली, अशी गोष्ट सांगतात. फुकट वस्तूची किंमत लोक फुकटच करतात, हे त्यांनी ताडले असावे. १९२० पासून पुस्तिकेला सात फ्रँक किंमत पडली आणि पैसे घेऊन छापलेल्या जाहिराती बंद झाल्या. उपाहारगृहांना तारा देण्याची पद्धत १९२६ मध्ये आली. लोकांनी जितके अधिक हिंडावे तितके टायर झिजावेत, हा मूळ हेतू काही बदलला नव्हता. पण तो उघड होता. कोणते जेवण उत्तम हे ठरवण्यात टायरवाल्याचा स्वार्थ गुंतलेला नव्हता, आणि त्या ताऱ्यांना मान मिळाला तो त्यामुळेच.

अमेरिकेत या दोन्ही वाटा एकाच वर्षी निघाल्या, हा चमत्कारिक योगायोग होय. छपाईच्या धंद्यातील फिरते विक्रेते डंकन हाइन्स यांनी आपल्या पसंतीच्या १६७ उपाहारगृहांची यादी १९३५ च्या नाताळात मित्रांना पाठवली आणि १९३६ मध्ये तिचे पुस्तक केले. उपाहारगृहांच्या जाहिराती त्यांनी घेतल्या नाहीत. त्याच १९३६ सालापासून ‘व्हेअर’ या नावाच्या पाहुण्यांसाठीच्या मासिकांची परंपरा सुरू झाली. ती हॉटेलांतून फुकट मिळत आणि जाहिरातींवर जगत. पुढे अनेक देशांतील शहरांत तिच्या आवृत्त्या निघाल्या. हाइन्स यांच्या नावाचे पुढे काय झाले? १९५० च्या आसपास ते केकच्या तयार पिठाच्या खोक्यांवर झळकू लागले. जाहिरात न घेणाऱ्याचे नावच शेवटी जाहिरातीला सर्वांत अधिक मोलाचे ठरले.

खोलीतील पुस्तकाचा धंदा चालतो तो साध्या गणितावर. एका खोलीत वर्षाकाठी अनेक पाहुणे येतात. तेव्हा एक प्रत म्हणजे एक वाचक नव्हे, वाचकांची मालिका. त्यातही खोलीचे भाडेच वाचकाची चाळणी करते. घड्याळाच्या व्यापाऱ्याला सबंध शहरापुढे ओरडावे लागत नाही. जो महागडी खोली घेऊ शकतो त्याच्याच उशाशी जाऊन बोलता येते. म्हणून प्रकाशक निवडक हॉटेलांशी करार करतात. जाड पुठ्ठ्याचे वार्षिक पुस्तक खोलीत राहण्यासाठी असते, पातळ मासिक पाहुण्याने बरोबर न्यावे म्हणून. जाहिरातीचे पान जाहिरात म्हणून दिसते तोवर तक्रारीला जागा नाही. कठीण असते ती यादी. ‘शहरातील उत्तम उपाहारगृहे’ या मथळ्याखाली पैसे भरणाऱ्यांचीच नावे आली, तर न भरणारे चांगले खानावळवाले प्रवाशाच्या लेखी त्या शहरात नसतातच. फसवणूक म्हणावी असे एकही वाक्य न लिहिता हे साधते. गल्लीच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या एकच पदार्थ उत्तम करणारा मनुष्य अशा पुस्तकात सापडत नाही, कारण त्याला पानाचा दर परवडत नाही.

हॉटेलच्या खोलीत ठेवलेले आणखी एक पुस्तक आहे, त्याच्या मागे दुकानदार नाही. फिरत्या विक्रेत्यांनी १८९९ साली अमेरिकेत स्थापलेल्या गिडियन या ख्रिस्ती संस्थेने १९०८ मध्ये मोंटाना राज्यातील एका हॉटेलात बायबलच्या पंचवीस प्रती ठेवल्या आणि नंतर हा क्रम जगभर पसरला. प्रचार तोही खराच. पण कोणाचा आणि कशासाठी, हे पहिल्या पानावरच कळते.

२०२० च्या साथीत पुष्कळ हॉटेलांनी संसर्गाच्या भयाने खोल्यांतील कागद उचलला, आणि बऱ्याच ठिकाणी तो परत आला नाही. त्याच्या जागी मेजावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकोनी खूण चिकटवलेली असते. फोन तिच्यापुढे धरला की तीच यादी आणि त्याच जाहिराती पडद्यावर उमटतात. पूर्वीचे पुस्तक कोणी चाळले की नाही हे प्रकाशकाला कधी कळत नसे, आणि दुकानदार पैसे भरीत असे ते अंदाजाने. आता कोणत्या वेळी, कोणते पान, किती वेळ उघडे होते याची नोंद ठेवता येते.