कापून ठेवलेल्या सह्या

महाविद्यालय सुटले की मैत्रीही सुटते, असे आपण सहज म्हणून जातो. पॅरिस विद्यापीठातील तीन सोबत्यांचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. १५२९ साली सेंत बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर यांच्या खोलीत, वयाने वडील असलेले इग्नेशियस लोयोला राहावयास आले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवर आणखी चार मित्रांसह त्यांनी व्रत घेतले.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १५४२ मध्ये झेवियर गोव्यास उतरले. पत्राचे उत्तर हाती पडण्यास वर्षे लागत. तेव्हा मित्रांच्या पत्रांवरील सह्या कापून त्यांनी प्रवासात सदैव जवळ बाळगल्या, असे त्यांनीच १५४६ मध्ये आंबोन बेटावरून कळविले. त्याच वर्षी रोममध्ये फेबर निवर्तले.

२८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी झेवियर यांना परत बोलावणारे पत्र लिहिले. परंतु ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांच्यान बेटावर झेवियर यांनी देह ठेवला होता. बातमी रोमला पोहोचली नव्हती.

गोव्यात त्यांच्या अवशेषांपुढे आपण नतमस्तक होतो, तेव्हा त्या सह्याही आठवाव्यात. जुन्या वर्गबंधूला लिहावयाचे पत्र आपण उद्यावर टाकू नये.