लिझेलोटच्या नावावर

लिझेलोट जर्मनीतल्या पॅलेटिनेट राज्याची लेक. माहेर हायडेलबर्ग. १६७१ साली, एकोणिसाव्या वर्षी, तिला फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाला दिली. त्यासाठी धर्मही बदलावा लागला. १६८५ मध्ये तिचा भाऊ वारला, त्याला मूलबाळ नव्हतं. मग थोरल्या दिरानं, म्हणजे राजा चौदाव्या लुईनं, तिच्या माहेरच्या इस्टेटीवर दावा लावला. नाव भावजयीचं, डोळा याचा! १६८९ मध्ये त्याच्या फौजेनं हायडेलबर्ग जाळलं, मानहाइम पाडलं. तिनं आत्याला, सोफीला, पत्रात लिहिलं, की जरा डोळा लागला की उद्ध्वस्त माहेर दिसतं, दचकून जाग येते. वर सासरचे म्हणत, दुःख कशाला करतेस? म्हणजे रडायचीही चोरी. पत्रं मात्र ती १७२२ साली मरेपर्यंत लिहीत राहिली, हजारो.