तयारीची मॅच

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एकाने विचारलं, "ज्या मॅचच्या निकालाने काही फरकच पडत नाही, ती बघायला विरारहून अंधेरीला कोण मरायला जातं?" मी म्हटलं, मी जातो. सगळे हसले आणि विषय पुन्हा अप्रेझलवर गेला. पण मला उत्तर सुचलं नव्हतं ही गोष्ट दोन दिवस डोक्यात राहिली. म्हणून हा वीकेंडचा लेख.

प्रश्न तसा रास्तच आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी फुटबॉलचे संघ जे सामने खेळतात, ते म्हणजे आमच्या भाषेत रिलीजच्या आधीचं टेस्टिंग. अर्धा वेळ एक अकरा, अर्धा वेळ दुसरे अकरा. नवा खेळाडू कुठे बसतो ते बघायचं, कुणाचा दम किती ते तपासायचं. देशांचे संघ खेळतात त्यांना मैत्रीपूर्ण सामने म्हणतात, पण काम तेच. हरलात तरी नोकरी जात नाही, जिंकलात तरी बोनस नाही.

मी पाहिलेली अशी पहिली मॅच 4 जून 2018 ची, भारत विरुद्ध केनिया, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर. स्पर्धेचं नाव भारदस्त होतं, इंटरकॉन्टिनेंटल कप. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई असे चार संघ. पण खरा हेतू एकच: जानेवारी 2019 च्या आशियाई चषकाआधी आपल्या संघाला सराव मिळावा. कप जिंकून पुढच्या कुठल्याही स्पर्धेत जागा मिळणार नव्हती.

आता एक कबुली देतो. 1 जूनला भारताची पहिली मॅच झाली, तैपेईविरुद्ध. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आपण 5-0 जिंकलो. मैदानावर प्रेक्षक किती? 2,569. मी त्यात नव्हतो. सेमिस्टर नुकतं संपलं होतं, हातात वेळच वेळ होता, अंधेरी लोकलने तासाभरावर. तरी मी घरी लोळत, युरोपातला माझा आवडता क्लब पुढच्या सीझनला कुणाला विकत घेणार ते वाचत होतो!

दुसऱ्या दिवशी छेत्रीचा तो व्हिडिओ आला. तुम्ही पाहिला असेलच. भारताचा कॅप्टन कॅमेऱ्यासमोर हात जोडून सांगत होता, की आम्ही तुमच्या युरोपियन क्लबांच्या दर्जाचे नाही हे मान्य, पण मैदानावर या, हवं तर शिव्या द्या, ओरडा, पण या. मला सरळ कानाखाली बसल्यासारखं वाटलं. तो माझ्याशीच बोलत होता हो.

सोमवारी आम्ही तिघं विरारहून निघालो. गाडी विरारहून सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते हे आम्हा विरारकरांचं एकमेव वैभव. (परत येताना काय होतं ते विचारू नका.) अंधेरीला उतरेपर्यंत आभाळ भरून आलं होतं. तिकिटं संपलेली, सात-आठ हजारांचं ते छोटंसं मैदान गच्च. छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. आणि मग जो पाऊस कोसळला! मैदानात पाणी साचलं, चेंडू लाथ मारली की दोन फुटांवर थांबायचा. वसईच्या गावांतून पावसाळ्यात पोरं जसा चिखलात फुटबॉल खेळतात, थेट तसा. पहिल्या अर्ध्यात गोल नाही. पण उठून कुणी गेलं नाही. नंतर छेत्रीने पेनल्टीवर गोल केला, तीन मिनिटांत जेजेचा आला, शेवटी पुन्हा छेत्री. 3-0.

10 जूनच्या फायनलला केनियालाच 2-0 हरवून कप जिंकला. पण खरं सांगू का, त्या दहा दिवसांतला स्कोअर मला 5-0 किंवा 2-0 असा आठवत नाही. तो आठवतो 2,569 आणि फुल्ल असा.

मग मी मागचं वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की मुंबईच्या फुटबॉलची अडचण खेळ नाही, टिकणं आहे.

या शहरात रोव्हर्स कप 1891 मध्ये सुरू झाला. पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंट, म्हणजे गोरे सोल्जर. भारतीय संघाला तो जिंकायला 1937 उजाडलं, तेव्हा बेंगळुरूचा मुस्लिम क्लब जिंकला. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीसने तो नेला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम, ज्यांनी पुढे 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. हे सगळं बघायला कूपरेजवर माणसं जायची. 1867 मध्ये विरारहून बॅकबेला पहिली उपनगरी गाडी सुटली होती. म्हणजे लाईनच्या या टोकाला आम्ही आणि जवळपास त्या टोकाला फुटबॉल. तो रोव्हर्स कप 2000-01 ला शेवटचा झाला आणि बंद पडला.

1955 मध्ये सोव्हिएत रशियाचा संघ मुंबईत भारताशी खेळून गेला. त्यानंतर मुंबईत भारताची पुढची आंतरराष्ट्रीय मॅच झाली 3 सप्टेंबर 2016 ला, अंधेरीलाच, पोर्टो रिकोविरुद्ध. आपण 4-1 जिंकलो. मध्ये गेली 61 वर्षं! दोन पिढ्या आपला देश आपल्या शहरात खेळताना न बघता म्हाताऱ्या झाल्या.

क्लबांचं तेच. महिंद्रा युनायटेड 1962 चा क्लब, 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला, 2010 मध्ये बंद. मुंबई एफसी 2007 ला सुरू, 2017 ला बंद. प्रोजेक्ट गुंडाळतात तसे क्लब गुंडाळले. फरक इतकाच, की प्रोजेक्ट गुंडाळला तर मी दुसऱ्या टीममध्ये जातो. ज्याने दहा वर्षं एकाच जर्सीसाठी घसा बसवला त्याने कुठे जायचं? खालिद जमील या दोन्ही क्लबांकडून खेळला, मुंबई एफसीचा तर बरीच वर्षं कोच होता. ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा कोच झाला. माणूस वर गेला, त्याचे क्लब मात्र राहिले नाहीत.

मुंबई सिटी एफसी 2014 मध्ये आली आणि वाटलं, हे टिकणार. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी 65 टक्के हिस्सा घेतला. 13 मार्च 2021 ला गोव्यात फायनलमध्ये बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि आपण पहिल्यांदा आयएसएलचे चँपियन झालो. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. मी घरी लॅपटॉपसमोर एकटाच नाचलो. आई म्हणाली, "हळू, खालचे झोपलेत." म्हणजे बघा, सर्वात मोठा विजय आम्ही कुणी पाहिला नाही, आणि ज्याने काही मिळणार नव्हतं त्या मॅचला पावसात भिजत गेलो. आजही मनात कुठली जास्त आहे? भिजलेली.

आणि मग 2025 चा जुलै. प्री-सीझनचा महिना. पण लीग चालवण्याच्या हक्कांचा करार संपत आला होता, नवा झाला नव्हता, म्हणून सीझनच अनिश्चित काळासाठी थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. डिसेंबरमध्ये मँचेस्टरवाल्यांनी मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. तयारी करायची, पण कशाची ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तयारीची मॅच म्हणजे काय. ती एक वचन असते. पुढे सीझन आहे, आपण सगळे पुन्हा भेटणार आहोत, असं सांगणारी. मॅच कशीही होवो, हे वचन मोडलं की बाकी स्कोअरबोर्ड शोभेचा.

आता टीममधल्या त्या मित्राला उत्तर. मी जातो, कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या शहरात कप बंद पडले, क्लब बंद पडले, मालक आले आणि गेले. माझ्या हातात त्यातलं काहीच नाही. माझ्या हातात एकच आकडा आहे, 2,569 चे 2,570 करण्याचा. 1 जून 2018 ला मी तो केला नाही, ते अजून खुपतं.

असो. पुढच्या तयारीच्या मॅचला कुणाला यायचं असेल तर कळवा. विरारलाच भेटू, बसायला जागा मिळेल. छत्री मात्र आणू नका, मागच्यांना दिसत नाही.