घराचं शास्त्र

माझी धाकटी जाऊ बडोद्याची. तिथल्या विद्यापीठातून तिनं होम सायन्स केलेलं. लग्न होऊन ती बेळगावला आमच्या घरी आली तेव्हा मी बी. ए. झालेली, म्हणजे स्वतःला फार शिकलेली समजणारी. "पोळ्या लाटायला डिग्री कशाला लागते गं?" असं मी तिला चारचौघींत म्हटलं होतं. ती नुसती हसली. ते हसणं मला आता टोचतं, आणि त्याला कारण झाला एक शब्द.

परवा पुतणीनं पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "मोठी आई, इकॉलॉजी म्हणजे पर्यावरणच ना?" मी हो म्हणून टाकलं. मग राहवेना म्हणून शोधत गेले, तर दोन्ही वेगळे निघाले. पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतीचं आवरण. इकॉलॉजीच्या पोटात मात्र चक्क घर आहे.

ग्रीक भाषेत 'ओइकोस' म्हणजे घर. नुसत्या चार भिंती नव्हेत. माणसं, गुरं, धान्य, चूल, सगळा संसारच. 'लोगोस' म्हणजे त्याविषयीचा विचार, ज्ञान. दोन्ही जोडून १८६६ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं हा शब्द घडवला. येना गावच्या विद्यापीठात तो प्राध्यापक होता, वय अवघं बत्तीस. सजीवांचं भोवतालच्या जगाशी जे नातं असतं, त्याचा अभ्यास म्हणजे इकॉलॉजी, असा त्यानं अर्थ लावला. इकॉनॉमी हा शब्दही याच ओइकोसमधून आलेला, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. एकीकडे घरखर्चाची वही गेली, दुसरीकडे घर.

हेकेलच्या बाबतीत एक गोष्ट मनातून जात नाही. दोनच वर्षांपूर्वी, त्याच्या तिसाव्या वाढदिवशीच, त्याची तरुण बायको ॲना वारली होती. त्या दुःखात त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं आणि दोन जाडजूड खंड लिहिले. त्यातच हा शब्द आहे. घर रिकामं झालेल्या माणसाला सृष्टीसाठी घराचाच शब्द सुचावा! (पुढे माणसांच्या वंशांची उच्चनीच उतरंड मांडणाराही हाच, हे विसरून चालणार नाही.)

पण माझा जीव गुंतला तो अमेरिकेतल्या एका बाईत. एलेन स्वॅलो रिचर्ड्स. १८७० साली बॉस्टनच्या एमआयटीत ती रसायनशास्त्र शिकायला गेली. तिथं आजवर एकही मुलगी शिकलेली नव्हती. तिची फी माफ झाली. तिला वाटलं, आपल्या गरिबीकडे बघून केली असेल. खरं कारण तिला नंतर कळलं: कुणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनीच नाही, असं सांगता यावं! तिथं ती प्राध्यापकांचे फाटके कागद चिकटवून दे, कुणाच्या कपड्याला टाका घालून दे, असं करत टिकून राहिली. १८७३ मध्ये पदवी घेतली. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या-विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुने तिनं आणि तिच्या मदतनिसांनी तपासले. स्वतःच्या घरातले गालिचे काढून टाकले, हवा खेळती केली, पाणी-सांडपाणी तपासलं. घर हीच तिची प्रयोगशाळा.

नोव्हेंबर १८९२. बॉस्टनच्या एका हॉटेलात बूट-चपलांच्या व्यापाऱ्यांची मेजवानी. तिथं पन्नाशीला टेकलेल्या या बाईंनी भाषणात सांगितलं, की एक नवं शास्त्र हवं आहे आणि त्याचं नाव इकॉलॉजी. आपण राहतो ते घर, श्वास घेतो ती हवा, पितो ते पाणी, खातो ते अन्न, यांचं शास्त्र. ते प्रत्येक घरात पोचायला हवं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीही आली.

पण हा अर्थ काही टिकला नाही. पुढच्याच वर्षी मॅडिसन शहरात वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली. त्यांनी शब्द आपल्या कामासाठी घेतला आणि स्पेलिंगमधला पहिला 'ओ'ही काढून टाकला. ओइकोसचं पहिलं अक्षरच गेलं. इकॉलॉजी रानात, तळ्यात, प्रयोगशाळेत गेली. स्वयंपाकघर मागे राहिलं. एलेनबाई रडत बसल्या नाहीत. १८९९ पासून त्यांनी लेक प्लॅसिड इथं परिषदा भरवल्या आणि आपल्या विषयाला होम इकॉनॉमिक्स हे नाव दिलं. आपल्याकडचं होम सायन्स हे त्याच घराण्यातलं. म्हणजे जिला मी हसले, तिची डिग्री या बाईंच्या वंशातली!

आमच्या मराठी पाठ्यपुस्तकांत इकॉलॉजीला परिस्थितिविज्ञान म्हणतात. त्यात घर शोधून सापडत नाही. पण बोलताना आपण म्हणतोच ना, 'त्यांची परिस्थिती बेताची आहे'? ती परिस्थिती घरचीच असते.

आणि घर म्हणजे तरी कुठपर्यंत? आमच्या सासूबाई पाणी गाळलं की गाळणं उलटं करून, पाणी घालून, त्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायला लावायच्या. दुसऱ्या विहिरीत चालत नसे. मला तेव्हा ते सोवळ्या-ओवळ्यासारखं वाटायचं. जाऊ मात्र कधी कुरकुरली नाही. "बरोबरच आहे अक्का," म्हणायची, "त्यांना तेच पाणी मानवतं." दिवाळीत खव्यावर आयोडीनचा थेंब टाकून बघायचीही तीच. खवा निळा पडला, म्हणजे त्यात स्टार्च. तो परत. मी तेव्हा दुकानदाराची भीड धरून, तिच्याच हातावर चापट मारलेली आठवते.

काल दुपारी तिला ही सगळी हकिकत सांगितली. पोळ्यांबद्दल बोलले होते, तेही काढलं. म्हटलं, चुकलंच माझं. ती थोडा वेळ गप्प बसली.

"बाईंचं नाव आम्हाला पहिल्या वर्षाला होतं अक्का," ती म्हणाली. मग उठून हंड्यावरचं गाळणं उजेडात धरून बघायला लागली. "हे बदलायला झालंय. विरलंय मधोमध."